बाहेरून कडी घालावी

ज्या अर्जापायी पुढचं सगळं रामायण घडलं, त्याचा कच्चा मसुदा मी गुंडीच्या लसीकरणाच्या कार्डाच्या पाठीमागे लिहिला होता. घरात दुसरा कागद नव्हता असं नाही. पण गुंडी मांडीवर झोपली होती, हाताच्या टप्प्यात तेवढाच कागद होता, आणि चौदा महिन्यांचं मूल मांडीवर झोपलेलं असताना कागद आणायला उठण्याइतकी मी अजून वेडी झालेले नव्हते. ‘जिन्याखालची रिकामी खोली मला रोज दुपारी एक तास वापरायला मिळावी, ही विनंती.’ बस, एवढंच. पुढे मुलांच्या डॉक्टरांनी ते कार्ड उलटून वाचलं आणि पुढच्या लशीची तारीख लिहिता लिहिता शांतपणे विचारलं, मिळाली का खोली?

एक तास कशाला, असं कोणी विचारलं की माझी जीभ अडखळायची. अक्षरं काढायला. म्हणजे काही लिहायला नव्हे, नुसती अक्षरं काढायला. चपटा ब्रश, काळी शाई, जाड कागद, आणि एकच अक्षर शंभर वेळा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव येतात, ते मी पाठ केलेले आहेत. मी ज्यांच्याकडे शिकले ते पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते म्हणायचे, हात दोन वर्षं वाट बघतो, मग तो दुसऱ्या कामाला लागतो. मी ब्रश ठेवून बावीस महिने झाले होते आणि माझा हात दुसऱ्या कामाला लागल्याची लक्षणं स्पष्ट दिसत होती. अंधारात दुधाच्या बाटलीचं झाकण एका बोटाने उघडण्यात तो आता तरबेज होता. रजेचे अकरा आठवडे उरले होते. त्यानंतर ऑफिस. त्यानंतर ऑफिस आणि गुंडी. त्यानंतरचा हिशोब मी करत नसे.

आणि माझा ‘ळ’ राहिला होता. बाकीची अक्षरं बरी यायची, पण ‘ळ’चे दोन गोल माझ्याच्याने कधी एकमेकांच्या शेजारी सुखाने बसले नाहीत. एक फुगायचा, दुसरा रुसायचा. पेंटरकाका बघायचे, ब्रश पुसायचे आणि म्हणायचे, होईल, घाई नाही. घाई नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

घरी प्रयत्न करून झाले होते. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत कागद पसरला, शाईची बाटली उघडली आणि दारावरची बेल वाजली म्हणून उठले. परत आले तेव्हा बाटली आडवी होती आणि छोट्या काळ्या पावलांचे ठसे सोफ्याला वळसा घालून सासूबाईंच्या खोलीत, तिथून त्यांच्या पांढऱ्या उशीवर आणि उशीवरून भिंतीवर दोन फूट चढत गेले होते. भिंतीवर ती कशी चढली याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. संध्याकाळी नवऱ्याने सगळा प्रकार हात मागे बांधून बघितला आणि म्हणाला, रेषेत जोर आहे हं. माझ्या अक्षरांबद्दल गेल्या सहा वर्षांत त्याने असं काही म्हटलेलं मला आठवत नाही.

मग मी न्हाणीघर निवडलं. दाराला आतून कडी असलेली घरातली तेवढीच एक जागा. बादली पालथी घालून बसायचं, मांडीवर पाट, पाटावर कागद. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दाराबाहेरून सासूबाईंचा हळू आवाज आला, पोट बरं नाही का गं? मी म्हटलं, बरं आहे. पण न्हाणीघरातून पाऊण तासाने आलेल्या ‘बरं आहे’वर जगात कोणी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळपर्यंत समोरच्या काकू कसलीशी पूड घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आपला विषय नाही हे तीन वेळा सांगून, गोळी देऊन गेले. तळमजल्यावरचे टपालकाका, म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मला जिन्यात थांबवून म्हणाले की घास बत्तीस वेळा चावला तर निम्मे आजार पळतात, तुम्ही किती वेळा चावता? मी मान खाली घातली. मी अक्षरं काढत होते, हे सांगण्यापेक्षा पोट बिघडलंय हे जास्त अब्रूचं वाटलं, यातच काय ते समजा.

नवऱ्याला मात्र मी खरं सांगितलं. तो म्हणाला, “मग काढ ना. कोण नको म्हणतंय?”

कोणीच नको म्हणत नव्हतं. हीच तर अडचण होती. नको म्हणणारं कोणी असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे सगळी माणसं चांगली होती, आणि चांगल्या माणसांच्या घरात तास कुठे नाहीसा होतो हे पोलिसांनाही सापडणार नाही.

तर ती खोली. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पूर्वी पाण्याचा पंप होता. पंप हलवला, खोली उरली. आत एक लांब टेबल, एक लंगडी खुर्ची, भिंतीत कपाट, आणि वर एक झरोका, ज्यातून दुपारी टेबलावर वहीएवढं ऊन पडायचं. दाराला आतून काहीच नाही. बाहेरून मात्र चांगली बोटभर जाडीची कडी, कारण पंप काही आतून दार लावून बसणारा नव्हता. मी पहिल्यांदा डोकावले तेव्हा ते वहीएवढं ऊन रिकाम्या टेबलावर पडलेलं होतं. कोणी तरी जागा धरून ठेवावी तसं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला. हे गृहस्थ बोलतातही फायलीसारखे. ते म्हणाले की सामाईक जागा व्यक्तीस देता येत नाही, मंडळास देता येते. मंडळ म्हणजे किमान सात सभासद, लेखी उद्देश, लेखी नियमावली आणि एक जबाबदार चिटणीस. मी म्हटलं, मला फक्त एक तास बसायचंय. ते म्हणाले, “बसा ना. सात जण मिळून बसा.”

आता मला सात माणसं हवी होती, म्हणजे माझ्याखेरीज सहा. नुसत्या सह्या मिळाल्या तरी चाललं असतं. इथेच माझं चुकलं. सही मागताना कारण सांगावं लागतं, आणि मी कारण सांगायला गेले की समोरचा माणूस आधी हसायचा, मग गप्प व्हायचा, मग दार जरा लोटून घ्यायचा.

समोरच्या काकूंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, हसणार नसशील तर सांगते, मला शीळ घालायला शिकायचंय. लहानपणी एकदा घातली होती तर आजोबांनी सगळ्यांदेखत गप्प बसवलं होतं. तेव्हापासून, म्हणजे त्रेपन्न वर्षं, ती शीळ त्यांच्या तोंडात तशीच होती. दातांच्या डॉक्टरांना काड्यापेटीच्या काड्यांचं जहाज बांधायचं होतं. दवाखान्यात सुरुवात केली होती, पण पेशंट घाबरतात म्हणाले, डॉक्टरांच्या हातात डिंक दिसला की. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी शाळेत शिकवतात, एक गणित आणि एक भूगोल. त्यांना नाचायचं होतं. कोणी न बघता. विद्यार्थ्याने तर मुळीच न बघता. टपालकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला नुसतं बसायचंय. घरात आम्ही अकरा माणसं आहोत.”

सहावी सही नवऱ्याची. छंदाच्या रकान्यात त्याने ‘झोप’ असं लिहिलं. मी ते खोडून ‘वाचन’ केलं.

पहिली सभा आमच्या घरी झाली, कारण गुंडीला घेऊन मी दुसरीकडे जाणार कशी. उद्देश ठरवायला एक सभा लागली, मंडळाचं नाव ठरवायला दोन. भूगोलाच्या बाईंना नावात ‘क्षितिज’ हवं होतं. जिन्याखालच्या खोलीत क्षितिज कुठून आणायचं, असं गणिताच्या बाईंनी विचारल्यावर दोघी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी जिना चढत होत्या. शेवटी ‘फावला वेळ मंडळ’ असं सरळ नाव ठरलं. चिटणीस कोण, हा प्रश्न मात्र अर्ध्या मिनिटात सुटला. हिचं अक्षर चांगलं आहे, असं काकू म्हणाल्या आणि सहा माणसांनी माझ्याकडे अशा प्रेमाने पाहिलं की नाही म्हणायला तोंडच उघडेना. माझ्या अक्षराचं या इमारतीत झालेलं ते पहिलं जाहीर कौतुक. मी हुरळले, हे कबूल करते.

त्यानंतर माझा ब्रश बसला नाही. मंडळाची पाटी. नियमावली. वेळापत्रकाचा तक्ता. ‘चपला बाहेर काढाव्यात.’ ‘शीळ चालू असताना खोकू नये.’ ‘जहाजास हात लावू नये.’ गुंडी झोपली की मी कागद पसरायचे आणि ‘नये’ आणि ‘वेत’ काढत बसायचे. सेक्रेटरींनी माझी पाटी पाहिली आणि सोसायटीच्याही चार पाट्या सांगितल्या, पाणी जपून वापरा वगैरे. मंडळाला खोली दिलेली असल्याने नाही म्हणता येण्याजोगी परिस्थिती नव्हती.

तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. बहिणी नाचल्या की जिन्याच्या पोटाचा गिलावा सुटून टेबलावर पडायचा, आणि त्यांच्यानंतर डॉक्टर जहाज बांधायला यायचे. मऊ पावलांनी नाचा, असं सांगायला मी वर गेले तर गणिताच्या बाईंनी मला विचारलं की मऊ म्हणजे नेमकं किती. काकूंची शीळ महिनाभर नुसतीच वाफ होती. मग एके दिवशी अचानक लागली आणि तळमजल्यावरच्या दोन कुत्र्यांनी ती आपल्यालाच आहे असा समज करून घेतला. आणि एका दुपारी कोणी तरी दार सताड उघडं टाकून गेलं, मांजर आत शिरलं आणि जहाजाच्या डोलकाठीवर मान टेकून दोन तास गाढ झोपलं. डॉक्टरांनी ती डोलकाठी दात भरायच्या सिमेंटने बसवली, पण मनाची समजूत सिमेंटने पटेना. तातडीची सभा झाली. आमच्याच घरी. चहा मी केला. आणि नियम चार जन्माला आला, तो मीच लिहिला, चांगला ठसठशीत: ‘दार उघडे अथवा लोटलेले दिसल्यास जाणाऱ्या-येणाऱ्याने बाहेरून कडी घालावी.’

नियमावली टांगली त्या दिवशी टपालकाका तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, चार नंबर उत्तम आहे. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना पाळायला काही तरी मिळालं होतं.

अनेकांच्या सोयीने वेळा बदलत होत्या, म्हणून तक्ताही बदलत होता. चौथा तक्ता काढत होते तेव्हा रजेचे आठ दिवस उरले होते. सासूबाई गुंडीला कडेवर घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत तक्ता वाचला. ओठ हलवत, प्रत्येक ओळीवर थांबत. त्या कधी माझ्या कामात बोलत नाहीत. मला वाटलं, एखादी चूक सापडली.

“यात तुझा तास कुठला?” त्यांनी विचारलं.

मी तक्ता बघितला. दहा ते अकरा काकू. अकरा ते बारा नवऱ्याचं ‘वाचन’, तेही फक्त रविवारी. एक ते तीन डॉक्टर, दवाखाना बंद असतो म्हणून. चार ते पाच टपालकाका. पाच ते सहा दोघी बहिणी. आणि तीन ते चार, ज्या वेळी गुंडी झोपते आणि टेबलावर वहीएवढं ऊन पडतं, त्या ओळीत मीच माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: साफसफाई व दुरुस्ती. ती कोण करत होतं हे सांगायला नको. आधीच्या तिन्ही तक्त्यांतही तेच लिहिलेलं होतं. मी स्वतःला विसरले होते. एकदा नव्हे, चारदा, चांगल्या शाईने.

मी हसून म्हटलं, राहिलंच की. मग उगाच गुंडीचं नाक पुसलं, ते वाहत नसताना.

दुसऱ्या दिवशी तीनला मी नेहमीप्रमाणे गुंडीला झोपवलं, सासूबाईंना सांगितलं आणि केरसुणी घेऊन खाली गेले. फोन वर चार्जिंगला होता. दार लोटलं आणि आदल्या दिवशीचा गिलावा झाडू लागले. सव्वातीनला बाहेर चपलांचा आवाज आला. टपालकाका चक्कर मारून परत येत होते. चपला थांबल्या. मग कडी सरकल्याचा आवाज आला, तेल घातलेली असल्याने अगदी हळुवार. चपला पुढे गेल्या.

मी हाक मारली. मारली, हे नमूद केलं पाहिजे. पण सोळा महिने झोपलेल्या बाळाशेजारी बोलून बोलून माझी हाकही आता कुजबुजीएवढीच उरली आहे. “कोणी आहे का?” असं मी केरसुणीला विचारलं.

मग मी विचार केला. चार वाजता टपालकाकांचा तास सुरू होतो. ते एक मिनिट उशिरा येणार नाहीत आणि, याहून महत्त्वाचं, एक मिनिट आधी येणार नाहीत. दार वाजवलं तर कोणी तरी येईल. नाही वाजवलं तर पंचेचाळीस मिनिटं जगातला कोणताही माणूस या खोलीत येऊ शकत नाही. आणि मी बाहेर जाऊ शकत नाही. माझा काहीही दोष नसताना. नियमानुसार.

कपाटात शाई होती. ब्रश होता. रद्द झालेले तीन तक्ते होते, पाठकोरे.

पहिले दहा-बारा ‘ळ’ मी तुम्हाला दाखवणार नाही. ते ‘ळ’ नव्हते. पेंटरकाकांचं खरं होतं, हात दुसऱ्या कामाला लागला होता. पाट्यांवरचे ‘ळ’ घाईत कसेबसे उरकून गेले होते; इथे सावकाश ब्रश धरताना बोटं बाटलीचं झाकण धरल्यासारखी वळत होती. विसावा जमला नाही, पंचविसावा जमला नाही. एक गोल फुगला, दुसरा रुसला. इतके दिवस मी तास मागत होते, त्यात एक सोय होती. तास मिळाला नाही तोवर हात गेलेला आहे की नाही हे कळणार नव्हतं.

आणि तेव्हाच झरोक्यातून रडणं ऐकू आलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या झरोक्याच्या बरोबर वर आहे. गुंडी उठली होती. तिचं ते रडणं मी शंभर मुलांत ओळखीन. त्याच्या सुरुवातीला एक प्रश्न असतो. मी उठले. ब्रश हातातच होता. दाराशी गेले आणि मूठ उगारली. आता वाजवलं असतं तर मिनिटात सुटले असते. मी तशीच उभी राहिले. दार वाजवणारी मी आणि न वाजवणारी मी, दोघी एकाच मुठीत.

वर सासूबाईंचा आवाज आला, काय ते कळलं नाही. रडणं थांबलं. थोड्या वेळाने गुंडी हसली. खळखळून. मला जरा लागलंच. माझ्याशिवाय इतकं काय हसण्यासारखं होतं? मूठ खाली आली तेव्हा दारावर काळ्या शाईचा एक थेंब उमटला होता. तो अजून आहे.

परत येऊन बसले. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं होतं. मी काही ठरवलं नाही, मोजलं नाही. ब्रश शाईत बुडवला, कडेला टेकवून निथळू दिला आणि हाताला म्हटलं, तुला जायचं तर जा. कितवा होता माहीत नाही. पहिला गोल वळला, कमरेशी किंचित थांबला आणि दुसरा गोल आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसला. सुबक म्हणाल तर नव्हता. पण दोघं एकमेकांना ओळखत होते. मी ब्रश ठेवला. मी काही रडले वगैरे नाही. गिलाव्याची धूळ होती तिथे बरीच.

चारच्या ठोक्याला कडी सरकली. टपालकाका दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग कडीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकल्यासारखा झाला.

“तुम्ही आत होतात?”

“हो.”

“पण नियम चार...”

“मीच लिहिलाय, काका.”

ते आत आले. सगळे कागद त्यांनी हात न लावता, वाकून पाहिले. माझा तास संपला होता, हे मला कळत होतं. मी शाईचं झाकण लावू लागले. ते म्हणाले, “राहू द्या. मला नुसतं बसायचं असतं. ते पायरीवरही बसता येतं.” मी म्हटलं, गुंडी उठलीय, मला जायला हवं. त्यांनी मान हलवली. मग माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि म्हणाले, उद्यापासून झाडायचं मी बघतो, बसण्याआधी.

वर गेले तर सासूबाई गुंडीला कुस्करलेलं केळं भरवत होत्या. त्यांनी माझी काळी बोटं पाहिली. कुठे होतीस, असं विचारलं नाही. म्हणाल्या, “झालं झाडून?” मी हो म्हटलं, कडीची हकीकत सांगितली आणि काखेतला कागद उगाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला. पन्नास-साठ ‘ळ’ होते. त्यांनी केळ्याचं बोट लागू न देता एकावर करंगळी ठेवली.

“हा बरा बसलाय.”

तोच होता.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तेव्हा तक्त्यावर तीन ते चारच्या ओळीत ‘साफसफाई व दुरुस्ती’ पेन्सिलीने खोडलेलं होतं. खाली थरथरत्या, वर चढत गेलेल्या अक्षरात लिहिलं होतं: सूनबाई. बाहेरून कडी घालावी. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सहसा जिना उतरत नाहीत. सगळ्या तक्त्यात तेवढी एकच ओळ वाकडी आहे. त्यानंतर मी सहा तक्ते नवे काढले, पण प्रत्येक वेळी ती पट्टी जुन्या तक्त्यावरून कापून नव्यावर चिकटवते. ती मला तशी काढता येणार नाही.

रजेचे उरलेले सात दिवस मी रोज तीन ते चार टपालकाकांकडून कोंडून घेतलं. मग ऑफिस सुरू झालं. आता माझ्या वाट्याला रविवार येतो. तोही गुंडीचा ताप, पाहुणे आणि मंडळाच्या सभा यांतून उरला तर. बाकीचे सहा दिवस दुपारी तीन वाजता मी ऑफिसात असते. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी परवा विचारलं, तुम्ही बोटाने टेबलावर सारखं काय पुसता हो? मी म्हटलं, धूळ.

टपालकाका मात्र रोज तीन वाजता जिन्याखाली जातात, दार ओढून घेतात आणि बाहेरून कडी घालतात. बरोबर चारला काढतात. आत कोणी नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. काकूंनी त्यांना एकदा विचारलंही की रिकाम्या खोलीला एवढं कसलं जपता. ते म्हणाले, तक्त्यात नाव आहे, वार लिहिलेला नाही.